प्लॅस्टिकचं ग्लासहाउस

पांढरी माशी आधी आवारातल्या पाच ग्लासहाउसांपैकी तिसऱ्या घरात दिसली. काकडीच्या वेलाला हात लावला की पानाखालून पीठ उडावं तशी उडायची, नाकातोंडात जायची. बायका तोंडाला फडकं बांधून तोडणी करायच्या आणि सुट्टी झाली की दाराबाहेर फडकी झटकायच्या. आठ दिवसांत माशीने पाचही घरं धरली. पानं चिकट झाली, चिकटावर काळी बुरशी चढली, बोटाएवढ्या काकड्या पिवळ्या पडून गळू लागल्या. वारा नव्हता. दुपारी आत उभं राहिलं की कानामागून घामाची धार सुरू व्हायची ती थांबायचीच नाही.

"काका, आता तुमचेच दिवस," बायका म्हणाल्या.

त्यांना सगळे धुरीकाका म्हणत. घर बंद करायचं, कीड मारायला आत धूर करायचा, ठरल्या वेळाने दार उघडून हवा खेळू द्यायची, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं तेच. या कामाच्या माणसाला आवारातच खोली मिळायची, कारण दार कधीही उघडावं लागतं. पत्र्याची दीड खोली. तिथे काका, त्यांची गुडघे धरलेली बायको, मुलगा आणि सून असे चौघे राहत. मुलगा पाण्याच्या खोलीत खतं कालवायच्या कामावर होता, सून तोडणीला. चौघांच्याही कपड्यांना औषधाचा वास होता, पण तो आता बाहेरचं कोणी आलं तरच आठवायचा.

त्या आठवड्यात मॅनेजरने नवीन मशीन आणलं. लांब नळीचं, खांद्याला अडकवायचं, पोटाशी औषधाची टाकी. सुरू केलं की सायलेन्सर फाटलेल्या मोटारसायकलसारखं फडफडायचं आणि नळीतून दाट पांढरं धुकं निघायचं. आधी काका धुराचे डबे घेऊन आत जायचे, मागच्या टोकापासून एकेक पेटवत दारापर्यंत उलटं यायचे. आता आत जायचं कारणच नव्हतं. दाराशेजारी प्लॅस्टिकला गोल भोक पाडलं होतं, त्यात नळी घालायची आणि बाहेर उभं राहायचं.

"तुमच्या छातीला आराम," मॅनेजर म्हणाला. तिशीतला माणूस, बोलायला गोड, चालायला घाईचा. "वीस मिनिटांत एक घर. दुपारच्या सुट्टीत एक उरकायचं. संध्याकाळपर्यंत बायका परत तोडणीला. दिवस वाया जायला नको."

मग त्याने रजिस्टर पुढे केलं. पान छापील होतं. काका अक्षरं पन्नाशीनंतर शिकले होते, सून लग्न होऊन आली तेव्हा तिच्याकडून, खताच्या पोत्यांवरची नावं वाचून. अजून बोट ठेवूनच वाचत. त्यांनी वाचलं: ग्लासहाउस बाहेरून चारही बाजूंनी पाहिले. आत कोणी नाही. खाली तारीख, वेळ, सही.

"सही कोणाची?"

"तुमचीच. दुसऱ्या कोणाची? धुरी सोडणारा सही करणार."

काकांनी बोट पहिल्या शब्दावर नेलं. हाच शब्द फाटकाच्या बोर्डावर होता, हजेरीच्या खोलीवर होता. तोडणीच्या बायकाही 'तिसऱ्या ग्लासला जाते' असंच म्हणत. एके काळी घरं काचेचीच होती. तेव्हा काका डबे पेटवायच्या आधी घराला एक फेरी मारायचे, तर आतली प्रत्येक ओळ दिसायची, वेलांच्या बुडाशी कोणाची पावलं असतील तर तीही दिसायची. सहा वर्षांपूर्वी गारा पडल्या आणि एका तासात पाचही घरांचा चुरा झाला. काका आणि मुलगा पंधरा दिवस काचा वेचत होते. मालकाने सांगाडे तेच ठेवले आणि वर दुधी प्लॅस्टिक ताणलं. उजेड आत जायचा, नजर जायची नाही.

"साहेब, काच कुठं आहे?"

"म्हणजे?"

"इथं ग्लास लिहिलंय. बाहेरून पाहिले लिहिलंय. बाहेरून काय दिसतं?"

मॅनेजर हसला. "काका, ग्लासहाउस म्हणजे ज्याच्या आत पीक घेतात ते. आता काचेचं असो, प्लॅस्टिकचं असो, इंग्रजीत चालतं. हे पान मोठ्या कंपनीच्या पानावरून घेतलंय. सगळीकडे हेच असतं."

"शब्दाचं चालत असेल. डोळ्याचं कसं चालायचं?"

"फेरी मारा, हाक मारा, सही करा. इतकं मनावर घेऊ नका." मॅनेजरने पेन त्यांच्या खिशाला लावलं. "तुम्हाला सही येते याचंच मला कौतुक आहे."

काकांनी सही केली. कौतुकाचं त्यांना बरंही वाटलं, नाही असं नाही.

पण त्यांनी स्वतःपुरती एक रीत काढली. बाहेरची माती आत जाऊ नये म्हणून प्रत्येक घराच्या दाराशी चपला काढायच्या आणि आतले रबरी बूट घालायचे असा नियम होता. दाराबाहेर चपलांची रांग लागलेली असायची. काका रांग बघायचे. एकही चप्पल नाही म्हणजे आत माणूस नाही. एक जोड दिसला की दार उघडून ओरडायचे, "कोण आहे गं आत? निघ!" आणि ती निघून चपला घालेपर्यंत मशीनला हात लावायचे नाहीत. मग फेरी, मग हाक, मग सही, मग मशीन. चार दिवस सुरळीत गेले.

पाचव्या दिवशी ते दुसऱ्या घराची फेरी मारत होते. चपला नव्हत्या. मागच्या बाजूला वळले आणि भिंतीतून एक बाई बाहेर आली.

खरंच भिंतीतून. प्लॅस्टिकला कमरेइतकी उभी चीर होती. दोन्ही कडा कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी जोडल्या होत्या, ते चिमटे तिने आतून हात घालून काढले, वाकून बाहेर आली आणि परत लावले. काका दिसताच तिने जीभ चावली. तिच्या हातात तिच्या चपला होत्या.

"किती वाजले, काका?" ती म्हणाली. तिला सगळे घड्याळ म्हणत. मनगटावर काही नसायचं, पण सुट्टीला किती मिनिटं राहिली हे तिला झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं.

"हे काय आहे?"

"दार आहे. बायकांचं."

"चपला हातात कशाला?"

"इकडून नळाला जायचं, संडासला जायचं, तर चपला पुढच्या दाराशी ठेवून कसं चालेल? ऊन बघा किती तापलंय." ती दोन पावलं गेली आणि वळली. "तोंड उघडू नका बरं का. पुढून फिरून गेलं तर सहा मिनिटं लागतात आणि मुकादम चार देतो."

काका तिथेच उभे राहिले. त्यांचा हात खिशावर गेला. पेन तिथे होतं. चार दिवसांत त्यांनी चार वेळा लिहून दिलं होतं की आत कोणी नाही.

संध्याकाळी जेवताना त्यांनी सुनेला विचारलं. मुलगा मान खाली घालून जेवत होता. बायको भिंतीला टेकून गुडघ्यांना तेल लावत होती.

"पोरी, चिरा किती आहेत?"

सुनेने घास खाली ठेवला. "प्रत्येक घराला दोन-तीन. काकडी तोडायच्या चाकूने पाडतात."

"तू पण जातेस?"

"सगळ्याच जातात, बाबा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं तर तुम्ही वर सांगणार. तुमच्या पोटात काही राहत नाही."

"अगं, मी चपला मोजतो! चपलांवर भरवसा ठेवून मशीन सोडतो. उद्या कोणी तिकडून आत शिरली आणि मी..." 

"सांगू नका," सून म्हणाली. "मी बायकांना बजावते. धुरीच्या वेळेला तिकडून जायचं नाही म्हणून. पण तुम्ही सांगितलंत तर त्या मला उभी खातील. घरात धुरीकाका आणि बाहेर चहाडखोर सून, असं म्हणतील."

"म्हणू देत," म्हातारी तेलाचा हात पुसत म्हणाली. "म्हटल्याने अंगाला भोकं पडत नाहीत."

"तुम्हाला नाही ना जायचं त्यांच्यात, आई."

मुलगा पहिल्यांदा बोलला. "बाबा, जाऊ द्या. काम करा आणि गप्प बसा. खोली या कामावर आहे."

काकांनी ऐकलं. रात्री कूस बदलत राहिले. सकाळी उठून सरळ मॅनेजरकडे गेले.

मॅनेजरने कौतुकच केलं. दुपारपर्यंत दोन माणसं चिकटपट्टीचे रुंद रोल घेऊन फिरू लागली. पाचही घरांच्या सगळ्या चिरा बाहेरून, आतून, दोनदोन थरांनी बंद केल्या. दुसऱ्या दिवशी तोडणीच्या बायकांकडून चाकू काढून घेतले आणि बोथट टोकाच्या छोट्या कात्र्या दिल्या. देठ कापला जायचा, पण प्लॅस्टिकवर टेकवली तर नुसती घसरायची. नळाकडचा रस्ता बंद. सहा मिनिटांची चारच दिली जात होती, ती चारच राहिली.

काका म्हणाले, "साहेब, मागच्या बाजूला एक खरं दार काढा. बिजागरीचं."

"पुढच्या हंगामात बघू," मॅनेजर म्हणाला. "आता चिरा बंद झाल्या ना? मग आता तुमच्या चपलांचा हिशेब बरोबर."

ते त्याने बरोबरच सांगितलं होतं. काकांनाही तसंच वाटलं.

सुनेचे हाल सुरू झाले. ओळीत दोन्ही बाजूंच्या बायका बोलत असायच्या आणि ती आली की कात्र्यांचे आवाज तेवढे उरायचे. क्रेट उचलायला दुसरा हात लागतो, तो कोणी देईना. ती एकटी उचलायची, पोटाला टेकवून. पाण्याच्या माठापाशी ती गेली की कोणीतरी मोठ्याने म्हणायचं, "हळू बोला गं, भिंतीला सासरे असतात." मग हसू. घड्याळ सगळ्यात मोठ्याने हसायची. चीर बंद झाल्यापासून तिच्या मजुरीतून दोनदा उशिराची मिनिटं कापली गेली होती. एक दिवस नळ गाठेपर्यंत तिला आवरलं नाही आणि साडी ओली झाली. ते सगळ्या ओळीने पाहिलं होतं. ते ती विसरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सुनेची डावी चप्पल गायब झाली. शोधली तेव्हा खताच्या पिंपामागे सापडली. चौथ्या दिवशी दोन्ही चपला चिखलात उपड्या पडलेल्या मिळाल्या. तिने त्या नळावर धुतल्या आणि ओल्याच घालून घरी आली.

"चपला ओल्या कशा?" काकांनी विचारलं.

"पाणी सांडलं," ती म्हणाली.

तिने तेवढं खरं सांगितलं असतं, तर काका त्यानंतर रांगेवर विसंबले नसते. पण चहाडीचा डाग एकदा अंगावर आलेला होता, दुसऱ्यांदा तिला नको होता.

माशी हटत नव्हती. मॅनेजरने वेलांच्या मध्ये पिवळे चिकट कागद टांगले आणि त्यांवर रोज किती माश्या चिकटतात ते मोजून लिहायला सांगितलं. आकडे नीट लिहिणारी सूनच होती. तिने सुट्टीतच मोजायचे, कारण तोडणीच्या वेळेत तोडणी. त्या दिवशी तिसऱ्या घराची पाळी होती. धुरीही तिसऱ्याच घराची होती. मॅनेजरने सुनेचं काम सकाळी फोनवर सांगितलं आणि काकांचं कागदावर लिहून पाठवलं. दोन्ही एका घरात, एका वेळेला पडतात हे त्याच्या लक्षात आलं नाही.

सुट्टी झाली. बायका घोळक्याने निघाल्या. सून आतच राहिली, मागच्या टोकाला, जिथे वेल छपरापर्यंत गेले होते. दाराबाहेर तिच्या चपला तेवढ्या उरल्या. घड्याळने त्या बघितल्या. इकडेतिकडे बघून उचलल्या, पदराखाली घेतल्या आणि कुंपणापलीकडच्या झुडपात फेकल्या. "आज जाऊ दे अनवाणी," ती बरोबरच्या बाईला म्हणाली. "तापल्या जमिनीवर नाचेल."

दहा मिनिटांनी काका आले. दार बघितलं. बाहेरची जमीन मोकळी होती, नुसते पायांचे ठसे. त्यांनी दार थोडं उघडून हाक मारली, "कोणी आहे का?" मागे टोकाला पंखे फिरत होते, आवाज तिथपर्यंत पोचला नाही. पंखे बाहेरच्या बटणाने बंद केले. मग फेरी मारली. चारही बाजूंनी दुधी प्लॅस्टिक. हाताने चिरा चाचपल्या, पट्ट्या घट्ट होत्या. परत दारापाशी आले, रजिस्टर गुडघ्यावर धरलं, बोट ठेवून ओळ वाचली, सही केली. दाराला बाहेरून कडी घातली. मशीनच्या टाकीचं झाकण पिळून घट्ट केलं, कारण झाकण सैल राहिलं तर दाब बसत नाही आणि धुकं येत नाही. मशीन फडफडलं. नळी भोकात गेली.

पंखे थांबले तेव्हा सुनेला वाटलं वीज गेली. मग लांबून मशीनचा आवाज आला. तिला वाटलं, दुसऱ्या घरात चालू आहे. ओळीच्या तोंडाशी आली तर मधल्या वाटेने धुकं जमिनीलगत येताना दिसलं. दार त्या धुक्याच्या पलीकडे होतं. ती मागे वळून चिरेकडे पळाली. पट्टीला नखं लावली. थर निघेना. कात्री लावली, ती घसरली. तिने ओरडून हाक मारली, बाबा, बाबा, पण तिला स्वतःलाही ती नीट ऐकू आली नाही.

जेवायच्या झाडाखाली घड्याळने भाकरीचा तुकडा मोडला आणि थांबली. सुट्टीची अठरा मिनिटं गेली होती. सून आली नव्हती. नाचत नाही, चालत नाही, आलीच नाही. तिला मशीनचा आवाज ऐकू आला.

"कुठल्या घराची धुरी आहे आज?" तिने विचारलं.

"तिसऱ्या," कोणीतरी म्हणालं.

ती उठून पळाली. तोंडात घास होता. काकांनी तिला येताना बघितलं, हात करून "लांब राहा" म्हणाले. तिने मशीनची नळी दोन्ही हातांनी भोकातून उपसली. तापलेली होती. हात भाजले तरी सोडली नाही. "आत आहे!" ती काकांच्या कानाशी ओरडली. "तुमची सून आत आहे!"

कडी काढली. काका फडकं न बांधता आत शिरले. सून मागच्या टोकाला पडलेली सापडली, गाल जमिनीला, तोंड प्लॅस्टिकच्या खालच्या कडेला लावलेलं, जिथून बाहेरची बोटभर हवा येत होती. काकांनी आणि घड्याळने तिला काखेत धरून ओढत आणलं. डोळे सुजून बंद झाले होते. बायकांनी माठातलं पाणी ओतलं. ती श्वास घ्यायची आणि प्रत्येक श्वासाला आत काहीतरी फाटल्यासारखा आवाज यायचा.

दवाखान्यात पाच दिवस ठेवलं. डोळे वाचले. आवाज गेला तो पहिल्यासारखा परत आला नाही, नुसती घरघर उरली, आणि खोकला. डॉक्टर मुलाला म्हणाले, छातीला हे कायमचं राहील, धुळीत आणि धुरात पाठवू नका. मुलाने मान हलवली. दुसरं काम कुठे होतं?

घड्याळ रोज दवाखान्यात यायची. दोन्ही तळव्यांना पट्ट्या बांधलेल्या. खाटेच्या पायथ्याशी बसायची आणि उठून जायची. एकदा म्हणाली, "मी चपला..."

सुनेने हाताने थांबवलं. "मला माहीत आहे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "कोणाला सांगू नकोस. तुझं काम जाईल."

आठव्या दिवशी कामगार खात्याचा अधिकारी चौकशीला आला. मॅनेजरच्या खोलीत पंख्याखाली बसला. जाड चष्मा, घामाने भिजलेली कॉलर. काकांना उभं केलं. मुलगा दाराशी उभा राहिला.

अधिकाऱ्याने रजिस्टर वाचलं. "ही सही तुमची?"

"माझी."

"ग्लासहाउस बाहेरून चारही बाजूंनी पाहिले. पाहिलं होतं?"

"फिरलो होतो."

"काचेचं घर आहे. आत एक मोठी बाई आहे. आणि तुम्हाला दिसली नाही?" त्याने मान वर केली. "शेवटचे डोळे कधी तपासलेत?"

मॅनेजर खिडकीबाहेर बघत होता.  एक शब्द बोलला असता तर पुरलं असतं.

"साहेब, बाहेर चला," काका म्हणाले.

"मला इथेच सांगा."

"इथं सांगून कळणार नाही. दहा पावलं आहेत. चला."

अधिकारी कुरकुरत उठला. सगळे तिसऱ्या घरापाशी आले. काका म्हणाले, "आता तुम्ही इथं उभे राहा. मी आत जातो आणि उभा राहतो. कुठं उभा आहे ते तुम्ही सांगायचं."

ते आत गेले. दार ओढून घेतलं. आतून त्यांचा आवाज आला, "सांगा!"

अधिकारी प्लॅस्टिकजवळ गेला. चष्मा पुसला. दोन्ही हातांचा आडोसा करून नाक टेकवलं. डावीकडे गेला, उजवीकडे गेला.

"सांगा, साहेब! हात वर केलेत मी!"

"दिसत नाही," अधिकारी म्हणाला. मग जरा मोठ्याने, "दिसत नाही!"

काका लगेच बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. माशीचं औषध अजून पानांवर होतं, त्यानेही असेल.

"हे तर ग्लासहाउस नाहीच," अधिकारी मॅनेजरला म्हणाला. "तुम्ही रजिस्टरमध्ये चुकीचा शब्द वापरलाय."

"होय साहेब. जुना कागद आहे. दुरुस्त करून घेतो."

"घ्या. लेखी कळवा."

पंधरा दिवसांनी नवीन रजिस्टर आलं. फाटकावरचा बोर्डही रंगवून बदलला. काकांना घरी बसायला सांगितलं, वय झालं म्हणून. मॅनेजरने खोली काढून घेतली नाही. मुलाला बोलावून म्हणाला, "तुझ्या वडिलांची जागा तुलाच. खोली तशीच राहील. आजपासून सुरू कर." मशीन त्याच्या खांद्याला दिलं आणि पेन खिशाला लावलं.

सून अपघातानंतर त्या दिवशी पहिल्यांदा कामावर आली होती. तोडणी झेपत नव्हती, म्हणून तिला नुसते कागदांवरचे आकडे लिहायला ठेवलं होतं. ती नवऱ्यामागोमाग पहिल्या घराच्या दाराशी आली. बायका सुट्टीला गेल्या होत्या. घड्याळ तेवढी थांबली होती, लांब, माठापाशी.

मुलाने रजिस्टर उघडलं. सुनेने त्याच्या खांद्यावरून वाचलं. पॉलीहाउस बाहेरून चारही बाजूंनी पाहिले. आत कोणी नाही.

सुनेने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. तेवढाच बदलला होता.

"लवकर आटपा रे!" मॅनेजर ऑफिसच्या पायरीवरून ओरडला. "वीस मिनिटंच आहेत!"

मुलाने पेनचं टोपण काढलं.  "फेरी मारून येतो," तो म्हणाला.

"फेरी मारून काय दिसणार?"

"मग काय करू? सांग ना. खोली सोडू?"

ती खाली वाकली, त्याच्या खांद्यावरच्या मशीनच्या टाकीचं झाकण दोन्ही हातांनी पिळून काढलं आणि मुठीत घट्ट धरलं.

"अगं, हे काय? दाब बसणार नाही."

"नकोच बसायला. मी प्रत्येक ओळ बघून येते. तोपर्यंत कोणी म्हटलं तरी धुकं सोडता येणार नाही. तुलाही नाही, साहेबालाही नाही."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय? आत औषध आहे अजून."

"मग दुसरं कोणाला पाठवतोस?" तिने रबरी बूट पायात सरकवले. "बावीस ओळी आहेत. वेळ लागेल."

ती आत गेली. दुधी प्लॅस्टिकमागे तिचा रंग दोन पावलं दिसला आणि विरला. मग खोकला ऐकू आला, पहिल्या ओळीतून. थोड्या वेळाने दुसऱ्या ओळीतून. मुलगा त्या आवाजाबरोबर बाहेरून एकेक पाऊल सरकत राहिला.

"झालं का?" मॅनेजर उन्हातून चालत येत होता. "सही केलीस का?"

"नाही."

"मग मशीन तरी सुरू कर. तोवर गरम होईल."

"होणार नाही, साहेब," मुलगा म्हणाला. "झाकण आत आहे."

मॅनेजरने दाराकडे बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. सातव्या ओळीत खोकला आला आणि बराच वेळ थांबेना. माठापाशी थांबलेली बाई पट्ट्या बांधलेल्या हातांनी पदर खोचत दाराशी आली, चपला काढल्या, दोन्ही नीट शेजारी ठेवल्या आणि काही न विचारता आत गेली.

"पलीकडून मी बघते गं," आतून तिचा आवाज आला. "तू तिथेच बस. बाविसावीपासून उलटी येते मी."

मुलगा रजिस्टर छातीशी धरून उभा राहिला. मॅनेजर वीस मिनिटांतली किती राहिली ते मोठ्याने सांगत होता.

"सांगा, साहेब," मुलगा म्हणाला. "ऐकतोय मी." आणि पेनचं टोपण परत लावलं.